पक्क्या अक्षरांचा व्हॉल्व्ह

अंबापेठ, अमरावती
२७ जानेवारी १९५८

रा. नियाज अहमद, रेडिओचे दुकान, अकोला, यांस—

बुधवार, दिनांक २२ जानेवारी १९५८, दुपारी एक वाजून बारा मिनिटे. या वेळी आपण मला विकलेल्या व्हॉल्व्हने एका मुलीचा आवाज गिळला. कसा गिळला ते सांगते. पत्र शेवटपर्यंत वाचावे, मध्येच गिऱ्हाईक आले तरी.

मी कुंदा दर्यापूरकर, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्याला मी आठवत असेनच. काउंटरवर चष्मा लावून, अंगठा ओला करून व्हॉल्व्हवरची अक्षरे घासणारी बाई रोज येत नसावी. दिवाळीनंतर मी बहिणीकडे अकोल्याला आले होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या रेडिओचा शेवटचा, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा व्हॉल्व्ह गेला होता आणि अमरावतीत तो मिळेना. आपण आधी काढलेल्या नगाची अक्षरे माझ्या अंगठ्याला लागून आली. तो मी परत केला. दुसरा खसाखसा घासला, त्याची रेघ हलली नाही. लुगड्याच्या काठाचा रंग असाच पारखतात, हेही मी आपल्याला ऐकवले होते. तेव्हा माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आता मुलीविषयी. परतवाड्याच्या लाकूड डेपोत किसनराव चौखंडे मुनीम आहेत. त्यांची रमा माझ्या शाळेत आली तेव्हा तिला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. शब्दाच्या तोंडाशीच अडकायची आणि डोळ्यांत पाणी यायचे. शाळा सुटली की मी तिला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावी. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदर टेबलावर पेन्सिलीचा ठेका धरीत, तसा मी धरी. सहा वर्षे हे चालले. आज ती नागपूरला शिक्षिका आहे, आणि आकाशवाणीने तिला महिलांच्या कार्यक्रमात भाषण दिले. विषय: लहान मुलांचे बोलणे. तिथे माणूस बोलतो तसे ते थेट हवेत जाते. चुकले तर खोडता येत नाही आणि हुकले तर पुन्हा ऐकता येत नाही.

तिची आई जाईबाई मोटारीने माझ्याकडे आली. आळीतल्या बायका जमल्या. रमा म्हणाली, “नमस्कार.” जाईबाईंनी रेडिओलाच हात जोडले. थोडा वेळ आवाज स्वच्छ चालला. मग तो तुटू लागला: मु, मु, मु. आणि गेला. रेडिओचा दिवा जळत होता, आत बारीक घरघर चालू होती. यंत्र चालू आणि मुलगी गप्प, असेच खोलीतल्या प्रत्येकीला वाटले. जाईबाई उठल्या, त्यांनी स्वतःच बटण फिरवले आणि म्हणाल्या, “बंद ठेवा बाई. माह्या पोरीची फजिती लोकाईले काहून ऐकवता?”

मलाही तेच वाटले. सहा वर्षे जिला शिकवले तिच्यावर माझा विश्वास पाच मिनिटे टिकला नाही. आपल्या काचेच्या नळीवर मात्र टिकला. जाईबाई तशाच उठून परतवाड्याला गेल्या आणि मी तीन दिवस रेडिओला हात लावला नाही.

शनिवारी रमाचे पत्र आले. भाषण सुरेख झाले, एकदाही अडकले नाही, तिथल्या अधिकाऱ्यांनी पुन्हा बोलावले आहे, “आई काय म्हणाली ते लवकर कळवा.” मी रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. थोड्या वेळाने बातम्या सांगणारे गृहस्थ रमासारखेच अडखळू लागले, आणि पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या मधोमध मुके झाले.

इथले अब्दुल रहीम मिस्त्री आले. व्हॉल्व्ह काढून त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, “बाईसाहेब, ये नया नहीं है. धुतलेला माल आहे हा. जुना मुडदा, नवा कफन.”

मला पैसे परत नकोत. मला लेखी उत्तर हवे: हा माल आपल्याला कोणी दिला, आणि तो धुतलेला आहे हे आपल्याला ठाऊक होते का. ३ फेब्रुवारीच्या टपालापर्यंत उत्तर न आल्यास पुढचे पत्र कलेक्टर कचेरीला जाईल.

कुंदा दर्यापूरकर

—

अकोला
३१ जानेवारी १९५८

कुंदाबाईसाहेबांना नियाज अहमदचा सलाम.

पत्र मिळाले. घरी बायकोला, आयशाबीला, वाचून दाखवले. जाईबाईंनी बटण बंद केल्याचे ऐकून तिने ताट माझ्यापुढून उचलले आणि आत नेऊन ठेवले. आता दुकानातही मन लागत नाही.

आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे. माल मुंबईचा एक फिरता व्यापारी देतो. दर दोन-तीन महिन्यांनी पेटी घेऊन येतो. खोकी नवी, आत चांदीचा कागद, शिक्का जागेवर. ठाऊक होते का? नव्हते. पण बाईसाहेब, दुकानदाराने “मला ठाऊक नव्हते” म्हणणे म्हणजे हकिमाने “मला नाडी कळत नाही” म्हणण्यासारखे आहे. म्हणून मी हे आपल्यापुढे सबब म्हणून ठेवत नाही.

अंगठ्याची पारख आमच्या बाजारात सगळेच करतात. हे कापसाचे गाव. रुई असो, सूत असो, रंगवलेला कपडा असो, बोटांनी चोळून पाहिल्याशिवाय आमचा हात पुढे जात नाही. रेडिओ आले, त्यांनाही आम्ही तेच लावले. मुंबईचा तो गृहस्थ तर स्वतःच सांगतो, “घासून घ्या शेठ.” त्याच्या पेटीतला प्रत्येक नग मी घासून घेतला होता. त्यातलाच एक सोबत पाठवतो आहे. डोळ्यांनीही नीट पाहिला आहे.

आपण परत केलेला पहिला नग मुंबईच्या मालातला नव्हता. गावातल्या एका सावकारांच्या घरून एक मोठा सेट विकायला आला, त्याबरोबर कंपनीने दिलेला जादा नग डब्यात तसाच पडून होता. अक्षरे पुसली गेल्यावर त्याला कोण विचारणार? मी तो घरच्या रेडिओत बसवला. दिवाळीपासून सकाळ-संध्याकाळ चालतो आहे. आयशाबीला सिलोनची गाणी बंद कर म्हणायची माझी छाती नाही.

त्या मुलीचे पुन्हा भाषण आहे का? असेल तर तारीख कळवावी. कलेक्टर कचेरीला लिहायचे असेल तर जरूर लिहावे. फक्त एवढे लिहावे की नियाजने उत्तर दिले होते.

आपला,
नियाज अहमद

—

अमरावती
८ फेब्रुवारी १९५८

नियाजभाई यांस—

आपण पाठवलेला नग मी रेडिओत बसवलेला नाही. तो माझ्यासमोर टेबलावर आहे आणि त्याच्याविषयी मला बरेच काही सांगायचे आहे.

आधी मेलेल्या नगाचे. ओल्या पंच्यात गुंडाळून मी त्याला बत्त्याचा एक हलका ठोका दिला आणि वडिलांच्या भिंगाखाली उघडून पाहिले. नियाजभाई, आपण ही वस्तू रोज विकता. कधी आत पाहिले आहे का? मी पाहिले, आणि माझा दुपारचा चहा गार झाला. करंगळीएवढ्या जागेत केसाहून बारीक तारेची एकावर एक गुंडाळलेली जाळी, एकीच्या आत दुसरी. अभ्रकाच्या दोन पातळ चकत्या ती सगळी उभारणी वर-खाली तोलून धरतात. मधोमध पांढरा लेप दिलेली एक नळी आहे, तीच तापते. काचेच्या माथ्यावर आतून चांदीचा आरसा. मिस्त्रींनी सांगितले की तो शोभेचा नाही. आत चुकून राहिलेली हवा तो गिळतो. काच फुटली की पांढरा पडतो. माझ्या डोळ्यांदेखत तो दुधासारखा झाला. लहानपणी मदरनी आम्हाला फुलाची कळी चिरून दाखवली होती, तेव्हाही मी अशीच पाहत राहिले होते. नागपुरात बोललेला शब्द या जाळीतून गाळून माझ्या खोलीत येतो, हे मला शाळेत शिकवताना पाठ होते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा खरे वाटले.

आणि अशी वस्तू कोणीतरी उकिरड्यावरून उचलतो, धुतो आणि तिला नवे नाव देतो. माझा संताप दुप्पट झाला. संतापात आपले पत्र पुन्हा वाचले आणि आपल्या घरच्या रेडिओपाशी थांबले. अक्षरे पुसली गेलेला नग दिवाळीपासून चालतो, आणि अक्षरे न पुसलेला महिन्या-दोन महिन्यांत मरतो. हे उलटे का?

मग मी आळीत निघाले. ज्यांचे रेडिओ दुकानातून घेतल्यापासून उघडलेले नाहीत, अशांच्या घरी. मिस्त्रींना सोबत नेले, मागचा पुठ्ठा त्यांनी काढला. आत जे व्हॉल्व्ह कंपनीनेच बसवून दिलेले होते, त्यांना मी ओला अंगठा लावला. आमच्या शेजारचे वकील तर माझा हात धरायला धावले. एकूण एक नगाची अक्षरे पुसली गेली, नियाजभाई. खऱ्या मालाची अक्षरे कच्ची आहेत. कंपनीला काचेच्या आतल्या कामाची काळजी, वर लिहिण्यापुरते ती लिहिते. पक्का रंग लावतो तो वरच्या नावावरच पोट असलेला माणूस. मी आपल्या काउंटरवर खरा नग हाकलून दिला आणि खोटा मोठ्या दिमाखात घरी आणला. लुगड्याची पारख काचेला लावली. आपण दोघेही इथे सारखेच शहाणे निघालो.

आता टेबलावरच्या नगाचे. त्याची अक्षरे काचेला चिकटली आहेत. टाचणीने खरवडली तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला. भिंगातून पाहा: पापुद्र्याखालच्या काचेवर जुने ओरखडे आहेत. नव्या नावाखाली जुना ओरखडा कसा असेल? माथ्यावरचा आरसा कडेने तपकिरी आणि विरळ झाला आहे. काच आतून करडी दिसते; ती कितीही धुतली तरी निघत नाही, कारण ती काजळी आतल्या बाजूला आहे. खालच्या पिना चकचकीत आहेत, पण ती चकाकी काचकागदाची. बारीक आडव्या रेघा दिसतात. आणि बूड हलके पिळले तर डुगडुगते. ही डुगडुग मिस्त्रींनी दाखवली. आत जोड सुटलेला असला की गार असताना आवाज येतो, तापल्यावर तुटतो. रमाचा आवाज असाच तुटला.

आता मुख्य काम. जाईबाईंचे पत्र आले, डेपोतल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. किसनरावांनी ठरवले आहे की मुलीला नागपूरहून परत आणायचे. जी रेडिओवर सगळ्या मुलखासमोर मुकी झाली तिची शाळेतली नोकरी किती दिवस टिकणार, असे त्यांचे म्हणणे. हिवरखेडचे एक स्थळ आहे, दोन मुलांचे विधुर आहेत, त्यांना बायको कमी बोलणारी असली तरी चालते. मी लिहिले की दोष रेडिओचा होता. त्यावर जाईबाईंचे उत्तर: “बाई, तुमचा जीव तिच्यावर हाय म्हनून तुमी म्हनता.” पुन्हा अमरावतीला येऊन चारचौघींत ऐकायला त्या तयार नाहीत.

रमाचे दुसरे भाषण बुधवारी, १९ मार्चला दुपारी एक वाजता आहे. ते परतवाड्यात ऐकू गेले पाहिजे, शेवटच्या शब्दापर्यंत. त्यासाठी चांगला सेट आणि आतून-बाहेरून खरे व्हॉल्व्ह हवेत. ते कोण नेणार, हे मी विचारत नाही. आपल्याला कळले असेलच.

कुंदा दर्यापूरकर

—

अकोला
१८ फेब्रुवारी १९५८

कुंदाबाईसाहेबांना सलाम.

आपले पत्र आले त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केले आणि मुंबईचा सगळा माल सतरंजीवर मांडला. आपण सांगितले त्या क्रमाने पाहत गेलो: आरसा, करडेपणा, पिना, बूड. आयशाबीने भिंग धरले. तिची नजर माझ्याहून चांगली आहे. संध्याकाळपर्यंत सतरंजीच्या एका बाजूला खोट्यांचा ढीग झाला आणि दुसऱ्या बाजूला दोन नग उरले; त्यांचीही अक्षरे पक्कीच, म्हणून तेही ढिगात टाकले.

एक गोष्ट सांगतो, आपण रागावाल. त्या खोट्या अक्षरांचे मला कौतुक वाटले. गोल काचेवर इतके सरळ, इतके एकसारखे लिहिणे सोपे नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर अत्तराच्या कुप्यांवर नावे लिहिली. त्यांचाही हात असा चालत नसे. कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत बसून एखादा माणूस एवढी कला मुडद्यावर खर्च करतो, हे पाहून आयशाबी म्हणाली, “या हाताला अल्लाने दुसरे काम काहून दिले नाही?”

बाजारात बातमी पसरली. शेजारच्या सायकलवाल्या खुशालरावांनी प्रेमाने सल्ला दिला: “फोडता काहून लेका? खेड्यावर पाठवून दे. तिथं कोन भिंग घेऊन बसून राह्यलं?” मी म्हणालो, तिथे कोणाची तरी पोरगी बोलत असेल. ते हसले. त्यांना गोष्ट ठाऊक नव्हती. मग सांगितली, तेव्हा त्यांनीच हातोडी आणून दिली. सगळे नग दुकानासमोरच पोत्यात घालून फोडले.

मुंबईचा गृहस्थ याच आठवड्यात आला. फुटलेली काच मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, “शेठ, मी तर घासून घ्या म्हणत होतो. आपणच घासून घेतले.” पेटी उचलली आणि मूर्तिजापूरच्या गाडीला गेला. म्हणून आता मूर्तिजापूर, बडनेरा, अचलपूर, जिथे जिथे ओळखीचे रेडिओवाले आहेत त्यांना मी पत्रे लिहितो आहे. आपल्या पत्रातला खोटा नग ओळखण्याचा उतारा जसाच्या तसा उतरवून देतो. परवानगी नंतर मागतो आहे, माफ करावे.

मार्चच्या १९ तारखेला परतवाड्याला मी जातो. घरचाच सेट नेईन, कारण त्यातला आवाजाचा व्हॉल्व्ह आपणच नापास केलेला आहे आणि त्याच्याइतकी खात्री मला दुसऱ्या कशाची नाही. बाकीचे नग रोज तासन् तास तापवून, पेन्सिलीने टकटक करून पाहतो आहे. तोपर्यंत आयशाबीला तिचा सिलोन माझ्या देखरेखीखाली ऐकावा लागतो, यावरून घरात बरेच बोलणे होते.

आपला,
नियाज

—

अमरावती
११ मार्च १९५८

नियाजभाई यांस—

परवानगी दिली. उताऱ्यात माझे नाव घालावे. नाव नसलेल्या पत्राला कोणी घाबरत नाही.

मी येणार नाही. मी तिथे बसले तर किसनराव माझ्याकडे पाहतील, रेडिओकडे नाही, आणि मी त्यांना काहीतरी बोलेन. मी इथे माझ्या सेटवर ऐकेन. त्यात अब्दुल रहीम यांनी कुठूनसा आणलेला व्हॉल्व्ह आहे. मी घासला, अक्षरे लगेच निघाली, मी समाधानाने बसवला.

परतवाड्यात किसनरावांच्या घरी वीज नाही. डेपोच्या कचेरीत आहे. जाईबाईंना मी लिहिले आहे की अकोल्याहून एक गृहस्थ रेडिओ दुरुस्त करून दाखवायला येत आहेत, ऐकायला या. त्यांनी “येईन” असे लिहिलेले नाही. “नाही” असेही नाही. रमाला मी यातले काही कळवलेले नाही. बोलताना तिच्या मनात डेपोतली ती एक खोली असू नये.

एक सूचना. आवाज तुटला तर कोणी काही बोलायच्या आत मोठ्याने सांगा की यंत्र बिघडले. खरे असो वा नसो.

कुं. द.

—

अकोला
२१ मार्च १९५८

कुंदाबाईसाहेबांना नियाजचा सलाम.

काल रात्री परत आलो. सांगायचे पुष्कळ आहे, क्रमाने सांगतो.

मूर्तिजापूरला अचलपूरच्या छोट्या शकुंतला गाडीत बसलो. सेट मांडीवर घेतला होता. व्हॉल्व्ह सगळे काढून, आमच्याच गावच्या रुईत एकेक गुंडाळून आयशाबीने डब्यात भरून दिले होते. गाडी इतकी सावकाश चालते की दोनदा लोकांनी खाली उतरून पाणी भरून घेतले. डब्यात काय आहे असे सगळे विचारत. मी म्हणे, आवाज आहे.

अचलपूरहून मोटार धरली. परतवाड्याच्या मोटारअड्ड्यावर किसनराव स्वतः घ्यायला आले होते. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. वाटेत मी त्यांना खोट्या व्हॉल्व्हची सगळी गोष्ट सांगितली, पक्क्या अक्षरांसकट. त्यांनी मान हलवली, पण पटले असे दिसले नाही. डेपोत सागाच्या ओंडक्यांचे ढीग, मध्ये छोटी कचेरी. मी टेबलावर सेट मांडला, व्हॉल्व्ह बसवले, खिडकीतून तार वर ओंडक्यावर टाकली. हमाल, गाडीवान, कारकून दाराशी जमले. जाईबाई शेवटी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. रेडिओकडे त्यांनी पाठ केली होती.

एक वाजला. नाव पुकारले गेले. रमाबाई म्हणाल्या, “नमस्कार.”

आवाज स्वच्छ आला, बाईसाहेब. ओंडक्यांवर बसलेली माणसे हातातली बिडी विसरली. त्या बोलत होत्या, मूल बोलायला कसे शिकते, घाबरते कशाला, हसण्याने त्याचे काय होते. गाडीवानांना कळेल अशा शब्दांत. मी आतल्या लाल प्रकाशाकडे पाहत होतो, प्रत्येक व्हॉल्व्हकडे, जसे आजाऱ्याच्या छातीकडे पाहतात.

मध्येच किसनराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “हे माही पोरगी नाही, भाऊ. तिच्या नावावर दुसरी बाई बसवली असन. तुमच्या त्या मालासारखी.” गोष्ट मीच सांगितली होती.

भाषण शेवटाला आले होते. रमाबाई म्हणाल्या, “मूल अडखळले तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थांबा. त्याला—”

आणि आवाज थांबला.

दिवा जळत होता. बारीक घरघर होती. मला आपली सूचना आठवली, यंत्र बिघडले असे म्हणायला मी तोंड उघडले आणि हात सेटकडे नेला. तेवढ्यात जाईबाई उठल्या. त्यांनी माझे मनगट धरले.

“हात नोका लावू,” त्या म्हणाल्या. “मशीन नाही ते. माही पोरगी थांबली हाय. येते आता.”

किती वेळ गेला मला माहीत नाही. इतकी माणसे एकत्र इतकी गप्प मी नमाजाशिवाय पाहिली नाहीत. मग त्या सेटमधून, बाईसाहेब, एक श्वास ऐकू आला. आत ओढलेला, पूर्ण. नागपूरच्या कुठल्याशा खोलीतला एका मुलीचा श्वास परतवाड्याच्या लाकडांत ऐकू आला. मी अठरा वर्षे हा धंदा करतो आहे. यंत्रातून कोणाचा श्वास मी पहिल्यांदाच ऐकला.

“—त्याला येऊ द्या,” रमाबाई म्हणाल्या, आणि पुढे शेवटपर्यंत बोलल्या.

जाईबाईंनी माझे मनगट तेव्हा सोडले. किसनराव ओंडक्यावर बसले होते. नंतर मला म्हणाले, “असंच करे ते लहानपनी. मी दर वेळी तिचं बोलनं पुरं करून देऊ.” मग म्हणाले, चहा घ्या.

निघताना मी हिवरखेडचा विषय काढला. माझे काम नव्हते, तरी काढला. ते म्हणाले, “पाहू.” जाईबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ते पुन्हा म्हणाले, “पाहू ना.” मी जसे ऐकले तसे लिहिले आहे.

सेट मी तिथेच ठेवून आलो आहे. पुढच्या भाषणाची तारीख जाईबाईंनी मला दोनदा विचारली. आयशाबीला मी अजून सांगितलेले नाही. ती विचारते आहे की रेडिओ कुठे.

आपला,
नियाज

—

अमरावती
२४ मार्च १९५८

रा. किसनराव चौखंडे, लाकूड डेपो, परतवाडा, यांस—

१९ तारखेला दुपारी आपल्या कचेरीत काय घडले ते मला नियाजभाईंनी कळवले. मी त्याच वेळी इथे ऐकत होते. रमा थांबली तेव्हा मी डोळे मिटून बसले होते, आणि परतवाड्यात कोणी काय म्हटले असेल याचाच विचार करीत होते. आता कळले की सगळ्यांच्या आधी जे म्हणायला हवे होते ते जाईबाई म्हणाल्या. सहा वर्षे ठेका धरून मी तिला बोलायला शिकवले. पण तिच्या थांबण्यात तिला ओळखणारी माणसे मला पुरवता आली नसती. ती आपल्या घरातच होती. मी या वयात थक्क होण्याचे सोडून दिले होते, ते मला पुन्हा सुरू करावे लागले.

आपण “पाहू” म्हणालात, असे कळते. दोनदा म्हणालात. किसनराव, मी आयुष्यभर पालकांशी बोलले आहे. “पाहू” म्हणणाऱ्यांनी मुलीला वार्षिक परीक्षेच्या आधी घरी नेलेले मी कितीतरी वेळा पाहिले.

रमाला आकाशवाणीने मे महिन्यातही बोलावले आहे. तिच्या शाळेने तिला पुढच्या वर्षी कायम करायचे ठरवले आहे. हे दोन्ही तिने आपल्याला लिहिले आहे, आणि आपल्या उत्तराची ती वाट पाहत आहे. मधल्या दिवसांत आपण काही बोलला नाहीत तर तिला वाटेल की आपण तिचे वाक्य पुन्हा स्वतःच पुरे करणार आहात.

म्हणून मला आपल्याकडून दोन ओळी हव्यात. हिवरखेडकरांना आपण नकार कळवला आहे, आणि रमा नागपुरात राहील, जोवर तिला राहायचे आहे तोवर. ओळी आपल्या स्वतःच्या हातच्या असाव्यात. कारकुनाकडून लिहवून घेऊ नयेत. खाली सही आपली आणि अंगठा जाईबाईंचा.

हे लेखी उत्तर शनिवार, दिनांक ५ एप्रिल १९५८ रोजी सकाळच्या टपालाने माझ्या हाती पडले पाहिजे. न पडल्यास त्याच दुपारच्या मोटारीने मी परतवाड्याला येईन आणि आपण लिहीपर्यंत आपल्या कचेरीत बसून राहीन. मला घाई नसते.

कुंदा दर्यापूरकर